प्रेशर रेग्युलेटरची लीक टेस्ट: तोच पीस कधी पास, कधी फेल होत असेल तर

लक्षणं

यातलं एखादं जरी तुमच्या टेस्टिंग बेंचवर दिसत असेल तर पुढचं वाचा.

– फेल झालेला पीस काढून पुन्हा लावला की पास होतो. तिसऱ्यांदा लावला तर कधी पुन्हा फेल.
– शिफ्ट सुरू होताना किंवा धुलाईतून ताजी बॅच आली की रिजेक्शन वाढतं आणि थोड्या वेळाने आपोआप उतरतं.
– सगळं सुरळीत चाललेलं असताना अचानक ओळीने सगळेच पीस फेल.
– सगळेच पीस पास, पण प्रेशर ड्रॉपचा आकडा उणे. म्हणजे टेस्ट चालू असताना प्रेशर कमी होण्याऐवजी वाढतंय.
– मशीन फेल दाखवतं, पाण्यात बुडवल्यावर मात्र एकही बुडबुडा येत नाही.
– बेंचवर पास झालेल्या रेग्युलेटरच्या आउटलेटचं प्रेशर, पुढे लाइन बंद असताना, हळूहळू चढत राहतं.

पहिल्या पाच लक्षणांत दोष बहुतेक वेळा रेग्युलेटरचा नसतो, टेस्टचा असतो. सहावं लक्षण वेगळं आहे. ते सीटचं, म्हणजे आतला व्हॉल्व्ह जिथे टेकून बंद होतो त्या जागेचं आहे आणि त्याच्याकडे शेवटी येऊ. इथे डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) असलेले रेग्युलेटर आणि हवा किंवा नायट्रोजन भरून प्रेशर ड्रॉप मोजायची पद्धत गृहीत धरली आहे: भरणं, स्थिरावणं, मोजणं, सोडणं.

सुरुवात करण्यापूर्वी एक सक्त नियम. दाबाखाली असलेलं फिटिंग, नट किंवा बॉनेटचा (वरच्या झाकणाचा) स्क्रू आवळायचा नाही आणि सैलही करायचा नाही. गळती दिसली की आधी प्रेशर पूर्ण सोडा, गेज शून्यावर आलेला पाहा आणि मगच पाना लावा. दाबलेल्या हवेत त्याच प्रेशरच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा साठलेली असते. बॉडीची ताकद तपासणारी प्रूफ टेस्ट आधी पाण्याने आणि लीक टेस्ट नंतर हवेने, हा क्रम त्यासाठीच असतो.

आकडा किती लहान आहे ते आधी बघा

समजा पीस आणि नळ्या मिळून आतली जागा ६० सीसी आहे, टेस्टचं प्रेशर ६ बार आहे आणि मर्यादा मिनिटाला १ सीसी गळतीची आहे. १० सेकंद मोजलं तर या मर्यादेवरच्या गळतीने प्रेशर उतरतं साधारण २८० पास्कल, म्हणजे ३ मिलिबारपेक्षाही कमी. आता तपमान घ्या. ६ बार गेज म्हणजे वातावरणाचा दाब धरून निरपेक्ष प्रेशर ७ बार. २० अंशांच्या आसपास आतली हवा फक्त ०.१ अंशाने थंड झाली तर प्रेशर सुमारे २४० पास्कलने उतरतं.

एक दशांश अंश आणि मर्यादेवरची गळती यांत मशीनला जवळपास फरकच कळत नाही. तोच पीस पास-फेल होण्यामागे बहुतेकदा हेच असतं. पुढच्या सगळ्या तपासण्या प्रेशर दुसऱ्या कुठल्या कारणाने हलतंय का, हे शोधण्यासाठी आहेत.

बिनखर्चाच्या तपासण्या

लाल-हिरव्या दिव्यावर विसंबू नका, आकडा लिहून काढा. फेल झालेला पीस बाजूला ठेवा, बेंचच्याच तपमानाला येऊ द्या, मग तोच पीस तीनदा लावा आणि प्रत्येक वेळी आधीच्याइतकाच वेळ मध्ये जाऊ द्या. तीनही आकडे जवळपास सारखे आले आणि तिन्ही मर्यादेबाहेर असले, तर पीस खरोखर गळतोय. आकडे एकाच दिशेने सरकत गेले, म्हणजे ४००, ३१०, २६० असे, तर पीस निवतोय किंवा रबर बसतंय. आकडे कसेही उड्या मारत असतील तर फिक्स्चरच्या (पीस बसवायच्या साच्याच्या) सीलकडे किंवा पीस दाबून धरणाऱ्या क्लॅम्पकडे बघा. या एका तपासणीत निम्मा शोध संपतो आणि ती फुकट आहे.

मग मास्टर पीस लावा. प्रत्येक बेंचला दोन मास्टर हवेतच: एक न गळणारा, दुसरा प्रमाणित गळतीचा. चांगल्या मास्टरचा आकडा वाढला तर बेंच गळतंय. गळक्या मास्टरचा आकडा कमी झाला तर परिस्थिती जास्त वाईट आहे, कारण त्याचा अर्थ बेंच गळके पीस पास करतंय. चांगल्या मास्टरने सकाळी तपासणी करून समाधान मानणारी बेंचं पुष्कळ असतात. गळका मास्टर लावल्याशिवाय बेंचला गळती दिसते हे सिद्धच होत नाही. शिफ्टच्या सुरुवातीला, सुट्टीनंतर आणि फिक्स्चर बदलल्यावर दोन्ही लावा.

मास्टर पीस नसेल तर पिसाच्या जागी भरीव धातूचा डमी लावून फिक्स्चर तेवढं तपासता येतं. मात्र डमी लावल्यावर आतली जागा कमी होते आणि तेवढ्याच गळतीने प्रेशर जास्त उतरतं. म्हणून डमीचा आकडा पिसाच्या मर्यादेशी ताडू नका, डमीच्याच जुन्या आकड्याशी ताडा.

फिक्स्चर

अचानक सगळेच पीस फेल व्हायला लागले तर पहिला संशय इथे.

फिक्स्चरची सीलिंग रिंग काढून उजेडात धरा. नव्या ओ-रिंगचा छेद गोल असतो. दिवसभर शेकडो पीस दाबून झालेल्या रिंगला एका बाजूला चकचकीत सपाट पट्टा पडतो आणि बोटाने दाबून सोडली तरी तो सपाटच राहतो. अशी रिंग बदलायचीच, पुसून परत बसवायची नाही. नीट दिसत असली तरी बोटाचं पेर तिच्यावरून सावकाश फिरवा. पितळेची केसाएवढी चीप (कीस) रबरात रुतलेली असते, ती डोळ्याला दिसत नाही पण पेराला लागते. पिसाच्या तोंडावर बर (मशीनिंगनंतर उरलेली धारदार कड) राहिली असेल तर तीच बर रोज नवी रिंग कापत राहील. त्यामुळे रिंगा वारंवार लागत असतील तर आधीच्या मशीनिंगच्या ऑपरेशनवर जाऊन बघा.

क्लॅम्प हवेच्या सिलिंडरवर चालत असेल तर टेस्ट चालू असताना क्लॅम्पच्या लाइनचा गेज पाहत राहा. शेजारच्या मशीनने हवा ओढली की तो गेज खाली जातो का? क्लॅम्प क्षणभर सैल झाला तरी सील थोडी उठते, आतली जागा बदलते आणि आकडा हलतो. क्लॅम्पची आणि टेस्टची हवा वेगवेगळ्या रेग्युलेटरमधून घ्या आणि टेस्टच्या लाइनला छोटी टाकी लावा. खर्च मामुली आहे.

त्यानंतर बेंचच्या नळ्या, फिटिंग आणि व्हॉल्व्हच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावा. फेस करून लावू नका, नाहीतर खरा बुडबुडा कुठला ते कळत नाही. ब्रशने पातळ थर द्या आणि मिनिटभर थांबून पाहा, बारीक गळतीला फेस वर यायला वेळ लागतो. पितळेच्या भागांवर अमोनिया असलेलं कुठलंही साफसफाईचं द्रावण वापरू नका. ताणाखालच्या पितळेला अमोनियाने भेगा पडतात आणि त्या लगेच नाही, काही काळाने उघड होतात.

तपमान आणि पाणी

धुलाईतून किंवा ओव्हनमधून आलेला पीस आतून अजून गरम असतो. टेस्टच्या वेळात तो निवतो, आतली हवा आकसते आणि चांगला पीस फेल होतो. उलट गार गोदामातून आणलेला पीस बेंचवर कोमट होत जातो, आतलं प्रेशर वाढतं आणि त्या वाढीखाली खरी गळती झाकली जाते. पहिल्या चुकीने नुकसान होतं. दुसऱ्या चुकीने गळका रेग्युलेटर कोणाच्या तरी गॅसच्या लाइनवर जाऊन बसतो. म्हणून उणे आकडा दिसला की तो पास धरायचा नाही. मशीनमध्ये खालचीही मर्यादा टाका आणि ठरावीक मर्यादेपलीकडे उणे गेलेला पीस अडवा.

उपाय सोपा आहे पण शिस्त लागते. पीस धुलाईनंतर टेस्टच्याच खोलीत ठेवा, रॅकवर पसरून, ढीग करून नाही. ढिगाच्या मधले पीस तासन्‌तास गरम राहतात. बेंचवर पंख्याचा किंवा एसीचा झोत नको, आणि पीस हातात धरून गप्पा मारत उभं राहणंही नको. तळहाताची ऊब ०.१ अंशाच्या हिशोबात भरपूर आहे.

पाण्याचं प्रकरण याहून फसवं आहे. बारीक छिद्रात पाण्याचा थेंब अडकला तर पृष्ठताणामुळे तो तिथे बुचासारखा बसतो. ६ बारला असा थेंब बहुतेक वेळा बाहेर फेकला जातो. पण कमी दाबाच्या गॅस रेग्युलेटरचा आउटलेट जर ३० मिलिबारला तपासत असाल तर जवळजवळ ०.१ मिलिमीटर व्यासाचं छिद्रही पाणी रोखून धरू शकतं. पीस पास होतो, पाणी सुकतं, गळती सुरू होते. कमी दाबाची लीक टेस्ट धुण्याच्या आधी तरी करा, नाहीतर पीस पूर्ण सुकवून करा. पाण्यात बुडवून पाहिलेला पीस तसाच ओला प्रेशर ड्रॉपला लावू नका, क्रम उलटा ठेवा.

नॉब कुठे आहे?

ही तपासणी फक्त रेग्युलेटरपुरती आहे, आणि साध्या व्हॉल्व्हची किंवा टाकीची टेस्ट लावून आलेली माणसं नेमकी इथे अडकतात.

रेग्युलेटर हे बंद भांडं नाही, आत एक पडदा सतत हलत असतो. नॉब मधल्या सेटिंगला ठेवून फक्त इनलेटमधून हवा भरली तर आउटलेटचं प्रेशर सेटिंगजवळ येताच पॉपेट (सीटवर टेकणारा आतला व्हॉल्व्ह) जवळपास बंद होतं. उरलेली हवा त्या केसभर फटीतून अगदी सावकाश पलीकडे जात राहते. भरायची वेळ संपते, मोजणं सुरू होतं आणि मशीनला इनलेटचं प्रेशर उतरताना दिसतं. हवा बाहेर कुठेच गेलेली नाही, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली आहे. पाण्यात बुडबुडा दिसत नाही तो यामुळेच.

रिलीव्हिंग प्रकारात आणखी एक भानगड आहे. आउटलेटचं प्रेशर सेटिंगच्या वर गेलं की डायफ्रॅम उचलला जातो, त्याच्या मधलं छिद्र पॉपेटच्या दांडीवरून सुटतं आणि जादा हवा बॉनेटच्या छिद्रातून बाहेर जाते. ते त्याचं कामच आहे. नॉब सैल ठेवून आउटलेटला प्रेशर दिलं तर असा प्रत्येक चांगला पीस फेल होईल.

म्हणून बाहेरच्या गळतीसाठी इनलेट आणि आउटलेट दोन्हीकडून एकदम हवा भरा आणि नॉब टेस्टच्या प्रेशरपेक्षा वरच्या सेटिंगला आवळून ठेवा, म्हणजे सीट उघडी राहते आणि रिलीफ बंद. स्प्रिंगची रेंज तेवढी नसेल तर मात्र हे करायचं नाही. कमी दाबाच्या डायफ्रॅमवर इनलेटचं प्रेशर टाकलं तर तो फाटेल. अशा पिसांत इनलेटची टेस्ट नॉब पूर्ण सैल ठेवून करा, आणि आउटलेटची वेगळी, त्याच्या स्वतःच्या ठरलेल्या प्रेशरला. ड्रॉइंगवर नॉबची स्थिती लिहिलेली नसेल तर ती लिहून घ्या. ‘अंदाजे दोन फेरे’ असं तोंडी सांगितलेलं असेल तर दोन ऑपरेटरचे आकडे कधीच जुळणार नाहीत.

स्थिरावायचा वेळ

हवा झटक्यात भरली की ती तापते आणि मग बॉडीच्या भिंतींना उष्णता देत निवते. रबराचा डायफ्रॅमही भरल्यानंतर काही क्षण ताणला जात असतो. वरच्या उदाहरणात डायफ्रॅम ४० मिलिमीटर व्यासाचा असेल तर तो सरासरी ०.०२ मिलिमीटर जरी फुगला तरी २८० पास्कलची मर्यादा गाठली जाते. एका चांगल्या पिसाला दीर्घ वेळ धरून दर सेकंदाला प्रेशर लिहा आणि कागदावर रेघ काढा. सुरुवातीला तीव्र उतार, मग सपाट. जिथे उतार सपाट होतो तिथून पुढे मोजणं सुरू झालं पाहिजे. उत्पादन वाढवण्यासाठी हाच वेळ सर्वांत आधी कापला जातो आणि मग महिनाभर रिजेक्शनची कारणं शोधत बसतात. वेळ वाचवायचाच असेल तर आतली रिकामी जागा कमी करा: नळ्या आखूड करा, फिक्स्चरमध्ये भरीव तुकडा घाला. जागा निम्मी झाली की तेवढ्याच गळतीला आकडा दुप्पट मिळतो.

इथवर सगळं ठीक असेल, तर पीस गळतोय

आता जागा शोधायची. पीस पाण्यात बुडवा, प्रेशर बुडवण्याआधी द्या आणि बाहेर काढल्यावरच सोडा, म्हणजे पाणी आत शिरत नाही. साधारण ३ मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्यात ०.०१४ सीसी हवा असते. मर्यादा मिनिटाला १ सीसी असेल तर मिनिटाला सत्तरेक बुडबुडे. त्यामुळे बुडवल्यावर दहा सेकंद बघून ‘काही नाही’ म्हणणं एवढ्या गळतीला चालतं, पण मर्यादा याच्या दहाव्या हिश्श्यावर असेल तर निदान मिनिटभर नजर ठेवावी लागते.

बॉडी आणि बॉनेटच्या सांध्यातून बुडबुडे येत असतील तर टॉर्क आणि डायफ्रॅमची कड तपासा. बॉनेट फिरवून बसवायच्या रचनेत आवळताना डायफ्रॅम सोबत फिरतो आणि त्याला सुरकुती पडते. वर कितीही टॉर्क लावला तरी ती सुरकुती बंद होत नाही. बॉनेटच्या छिद्रातून येत असतील तर डायफ्रॅम फाटलाय किंवा रिलीफची जागा खराब आहे. गेजच्या पोर्टमधून असतील तर बहुतेक टेफ्लॉन टेपचा किंवा आट्याचा दोष, तो पाच मिनिटांत निघतो. आणि सांधा नसलेल्या सपाट भिंतीतून बुडबुडे येत असतील तर ती ढलाईतली सच्छिद्रता. तिला सीलंटचं बोट फासून पीस पुढे ढकलायचा नाही. लॉट थांबवा आणि ढलाईकडे कळवा.

सहावं लक्षण: आउटलेटचं प्रेशर चढत राहणं

बाहेरून एक थेंबही न गळणारा रेग्युलेटर आतून गळू शकतो, आणि तो जास्त धोकादायक असतो. पुढच्या नळीवर आणि उपकरणावर इनलेटचं प्रेशर जाऊन बसतं.

नॉब पूर्ण सैल करा, इनलेटला प्रेशर द्या, आउटलेटला पातळ नळी लावून तिचं टोक पाण्याच्या ग्लासात किंचित बुडवा. बुडबुडे येत राहिले तर सीट गळतेय. मग आउटलेट बंद करून, गेज लावून, कमी सेटिंगला पाहा. प्रवाह थांबल्यावर प्रेशर सेटिंगपेक्षा थोडं वर जाऊन थांबलं तर ते लॉक-अप, म्हणजे नेहमीचं वागणं. न थांबता चढत राहिलं तर सीट. ही तपासणी इनलेटच्या जास्त आणि कमी अशा दोन्ही प्रेशरला करा. बऱ्याच रचनांत इनलेटचं प्रेशरच पॉपेटला सीटवर दाबतं, त्यामुळे जास्त प्रेशरला बंद राहिलेली सीट कमी प्रेशरला गळते.

प्रेशर सोडून पॉपेट काढा आणि दहा पट भिंगाखाली धरा. पॉपेटच्या मऊ तोंडावर समोरच्या धातूच्या कडेचा ठसा अखंड गोल उमटलेला हवा. गोल एका जागी तुटलेला असेल तर समोरच्या धातूच्या कडेला तिथेच खाच आहे. ठशात चकाकणारा ठिपका रुतलेला असेल तर ती चीप. ठसा एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला बारीक असेल तर पॉपेट तिरकं बसतंय, गाईडचं भोक पाहा. चीप सापडली तर पॉपेट बदलून पुढे जाऊ नका, धुलाईचा फिल्टर आणि असेंब्लीच्या टेबलावरची हवेची गन आधी पाहा. चीप एकाच पिसात कधी नसते.

पुन्हा लावून पास करण्याबद्दल

फेल पीस पास होईपर्यंत लावत राहणं बंद करा. नियम ठेवा: फेल पीस लाल ट्रेमध्ये, निवल्यावर पास-फेल ठरवायला एकदाच फेरटेस्ट, दोन्ही आकड्यांची नोंद. वर सांगितलेली तीनदा लावायची तपासणी फक्त कारण शोधायला. मर्यादेजवळच्या पिसाला भरपूर संधी दिल्या तर कधीतरी तो पास होणारच, आणि तो रेग्युलेटर गॅस शेगडीला किंवा ऑक्सिजनच्या सिलिंडरला लागणार असतो.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

गळका मास्टर लावूनही आकडा बरोबर येत नाही आणि फिक्स्चर, नळ्या, क्लॅम्प सगळं ठीक आहे, तर दोष लीक टेस्टरच्या आतल्या व्हॉल्व्हमध्ये किंवा सेन्सरमध्ये आहे. तो उघडू नका, मर्यादा बदलून आकडा जुळवू नका. कॅलिब्रेशन करणाऱ्या अधिकृत माणसाला बोलवा आणि शेवटच्या बरोबर आलेल्या मास्टर तपासणीनंतरचा सगळा माल अडवून ठेवा.

वेगवेगळे ऑपरेटर तेच पीस मोजून मोजमापातली तफावत ठरलेल्या पट्ट्याच्या (टॉलरन्सच्या) ३० टक्क्यांपेक्षा जास्त आणत असतील तर बेंचवर आणखी वेळ घालवू नका. पद्धत बदलायची गरज आहे. डिफरन्शियल टेस्टर (न गळणाऱ्या पिसाशी तुलना करून मोजणारं मशीन) किंवा हीलियम घ्यायचं का, हे टेस्टिंगच्या इंजिनिअरने ठरवायचं.

ऑक्सिजनचे रेग्युलेटर असतील तर वरचं काहीही करण्याआधी थांबा. तेलाचा अंश, साधं ग्रीस, तेलकट कंप्रेसरची हवा, इतकंच काय बोटाचा तेलकट ठसासुद्धा जास्त दाबाच्या ऑक्सिजनमध्ये पेट घेऊ शकतो. हे पीस तेलमुक्त हवेने किंवा नायट्रोजनने, ऑक्सिजनसाठी मान्य असलेल्या द्रावणाने आणि त्यासाठीच प्रशिक्षित माणसानेच तपासायचे.

आणि तुम्ही कारखान्यात नसाल, घरचा किंवा दुकानातला रेग्युलेटर गळतोय म्हणून हे वाचत असाल, तर वरचं काहीही करू नका. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या उघडा, विजेची बटणं चालू-बंद करू नका आणि गॅस पुरवठादाराला बोलवा. गळका रेग्युलेटर उघडून दुरुस्त करायचा नसतो, बदलायचा असतो.